नाव कोणत्या वहीत आहे?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एका चाळीत तीन बिऱ्हाडं शेजारी शेजारी राहतात. पहिल्या खोलीतले काका सरकारी कचेरीत कारकून आहेत. दुसऱ्या खोलीतले काका रिक्षा चालवतात, पण रिक्षा त्यांची स्वतःची नाही. मालकाला रोजचं भाडं द्यायचं आणि वर उरेल ते आपलं. तिसऱ्या खोलीतल्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. एके दिवशी रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगितलं जातं, की आज मध्यरात्रीपासून कोणीही घराबाहेर पडायचं नाही. किती दिवस? एकवीस दिवस! तर सांगा पाहू, पुढच्या महिन्यात या तीन घरांत काय होईल?

कारकूनकाकांच्या खात्यात पगार जमा होईल. थोडा मागेपुढे होईल, एखादा हप्ता उशिरा येईल, पण येईल. मावशींचं काय होईल, ते त्या चार घरांतल्या माणसांच्या मनावर अवलंबून. कोणी म्हणेल, "मावशी, काळजी करू नका, पगार घेऊन जा." कोणी काहीच म्हणणार नाही. आणि रिक्षावाल्या काकांची कमाई मात्र त्याच रात्री थांबली. ती एक तारखेची वाट पाहत नाही.

चाळ मी मनाने रचली, पण ती रात्र खरी आहे. २४ मार्च २०२० ची. कोरोनाची साथ पसरू नये म्हणून आपला सगळा देश बंद झाला. तुमच्यापैकी जे आज सातवी-आठवीत आहेत, ते तेव्हा पहिली-दुसरीत होते. शाळा बंद, मैदान बंद, हे तुम्हांला थोडंफार आठवत असेल. पण मोठ्या माणसांचं काम बंद पडलं तेव्हा घर कसं चाललं, सरकारने कोणाला काय दिलं, आणि कोणाला काहीच कसं मिळालं नाही, हे आज समजून घेऊ. आईबाबांनाही शेजारी बसवा. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ निघेल.

महिन्याचा पगार आणि रोजचा रोज

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, 'रोज'. रोज म्हणजे दररोज, आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरीसुद्धा. "आज दोन रोज बुडाले," असं मजूर म्हणतात. अशा माणसांचं 'हातावर पोट' असतं. आज हात चालले तर आज चूल पेटते.

समजा, एका गवंड्याच्या हाताखालच्या बाईला दिवसाला ४०० रुपये मिळतात. एकवीस दिवस काम बंद, म्हणजे ८,४०० रुपये बुडाले. खोलीचं भाडं, दूध, औषध यांतलं काहीच बंद झालं नाही.

आता सांगा, यात तिची चूक काय? ती आळशी नव्हती. तिचा मालकही वाईट नव्हता. काम बंद ठेवायला सरकारनेच सांगितलं होतं, आणि तेही सगळ्यांचा जीव वाचावा म्हणून. मग सगळ्यांच्या भल्यासाठी जे काम थांबलं, त्याचा भार एकट्या तिच्यावर का? तो सगळ्यांनी मिळून उचलायला हवा, नाही का? जगातल्या पुष्कळ सरकारांनी तेव्हा असाच विचार केला.

पण मदत द्यायची म्हटली, की लगेच पुढचा प्रश्न येतो. कोणाला द्यायची? त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली आहेत? आम्हां शिक्षकांना हा प्रश्न चांगला समजतो. हजेरीपटात ज्याचं नाव नाही, त्याची हजेरी लागत नाही. मग तो वर्गात पहिल्या बाकावर बसलेला का असेना!

ब्रिटनची वही

प्रथम ब्रिटनला जाऊ. २० मार्च २०२० रोजी तिथले तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी मालकांना सांगितलं, की तुमच्या माणसांना कामावरून काढू नका, घरी बसवून ठेवा. त्यांच्या पगाराचे ८० टक्के आम्ही देऊ. मात्र महिन्याला २,५०० पौंडांपेक्षा जास्त नाही.

या योजनेला तिथे सगळे 'फर्लो' म्हणू लागले. हा मुळात सैनिकांच्या रजेसाठी वापरला जाणारा शब्द. आपल्याकडे वर्तमानपत्रांत तो कैद्यांच्या रजेसाठी वाचायला मिळतो.

आता गंमत पाहा. ब्रिटनमध्ये मालकाने पगार दिला, की त्याची माहिती त्याच वेळी सरकारच्या करखात्याला कळवावी लागते. म्हणजे कोण कुठे काम करतो आणि त्याला किती पगार मिळतो, याची भलीमोठी वही सरकारकडे आधीच तयार होती. म्हणूनच २० एप्रिल २०२० पासून अर्ज घ्यायला सुरुवातही झाली. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत ही योजना चालली. सुमारे १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला, आणि खर्च आला जवळजवळ ७० अब्ज पौंड.

पण वही कितीही मोठी असली तरी कोणीतरी बाहेर राहतंच. सुरुवातीला नियम असा होता, की २८ फेब्रुवारीपर्यंत ज्यांची नावं करखात्याकडे पोचली आहेत त्यांनाच मदत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवी नोकरी धरलेल्या माणसाचं नाव त्या नव्या मालकाच्या यादीत कसं असणार? ओरड झाली, तेव्हा ती तारीख १९ मार्च केली. तरीही काही जण राहिलेच. एका तारखेने केवढा फरक पडतो, पाहिलंत?

जर्मनीचं पेव

जर्मनीत याहून जुनी पद्धत आहे. तिचं नाव 'कुर्त्सआर्बाइट'. कुर्त्स म्हणजे थोडं, आखूड, आणि आर्बाइट म्हणजे काम. कारखान्यात शंभर माणसं आहेत आणि काम निम्मंच उरलं आहे. अशा वेळी पन्नास जणांना घरी पाठवण्यापेक्षा शंभर जणांनीही निम्मा निम्मा वेळ काम करायचं. मालकाने केलेल्या कामाचाच पगार द्यायचा. जो पगार बुडाला, त्यातला ६० टक्के भाग सरकारी रोजगार संस्था देते. आणि घरात मूल असेल तर ६७ टक्के!

साधा हिशेब करू. हातात २,००० युरो पडणाऱ्या बाईचं काम निम्मं झालं. मालकाकडून १,००० मिळाले, १,००० बुडाले. बुडालेल्यातले ६०० संस्थेने दिले. झाले १,६००. तिला तुमच्याएवढी मुलगी असेल तर १,६७०. म्हणजे वरचे ७० युरो मुलीमुळे आले, असं म्हणा ना! २०२० मध्ये साथ लांबली, तेव्हा काही महिन्यांनंतर हे टक्के आणखी वाढवले. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख कामगार या पद्धतीवर होते.

हे पैसे कुठून आले? पूर्वी आपल्या गावांत जमिनीखाली धान्याचं पेव असायचं. सुगीत भरायचं आणि अडचणीत उघडायचं. जर्मनीत कामगार आणि मालक दोघेही दर महिन्याला बेकारी विम्याचे पैसे भरतात. २०२० च्या सुरुवातीला त्या पेवात सुमारे २६ अब्ज युरो साठलेले होते. पण साथ एवढी मोठी, की तेही संपले आणि सरकारला वरून भर घालावी लागली. ज्यांची नोकरी इतकी छोटी होती की त्यांचा विमाच भरला जात नव्हता, त्यांना या पेवातलं काही मिळालं नाही. पुन्हा तेच. नाव वहीत हवं!

आपल्याकडच्या वह्या

आता आपल्या देशात या. आपल्याकडे दहा कामगारांपैकी सुमारे नऊ जण 'असंघटित' आहेत. म्हणजे त्यांना नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. फळवाला, शेतमजूर, गवंडी, वीटभट्टीवरची माणसं, हॉटेलात कपबश्या विसळणारा पोरगा, घरकाम करणाऱ्या मावशी. ही सगळी माणसं काम करतात हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण ब्रिटनसारख्या पगाराच्या वहीत त्यांना शोधायला गेलात, तर सापडणार नाहीत.

सरकारने २९ मार्च २०२० रोजी एक आदेश काढला, की मालकांनी बंदच्या काळातही कामगारांना पूर्ण पगार द्यावा. ब्रिटनमध्ये सरकारने मालकाला पैसे दिले होते. इथे आदेश दिला होता. ज्यांचे कारखानेच बंद होते असे मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला.

मग मदत कशी केली? आपल्याकडे एक मोठी वही नव्हती, पण लहान लहान वह्या पुष्कळ होत्या. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती अशा वह्या धरूनच.

पहिली वही रेशनकार्डाची. ज्यांचं नाव अन्नसुरक्षेच्या यादीत होतं, त्यांना दर महिन्याला माणशी ५ किलो धान्य नेहमीच्या धान्याशिवाय फुकट मिळालं. देशात सुमारे ८० कोटी लोकांसाठी ही सोय होती. एवढं मोठं काम क्वचितच कोणत्या देशाने केलं असेल. पण एक मेख होती. कार्ड असायचं गावच्या दुकानाशी बांधलेलं, आणि माणूस असायचा मुंबईत नाहीतर पुण्यात. बिहारच्या किंवा मराठवाड्याच्या खेड्यातलं कार्ड इथल्या दुकानात चालवण्याची सोय तेव्हा अर्धवटच होती. पुढे जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की कोणत्याही राज्यात कार्ड चालण्याची व्यवस्था सगळ्या राज्यांनी ३१ जुलैपर्यंत पूर्ण केलीच पाहिजे.

दुसरी वही जन-धन खात्यांची. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत सुमारे २० कोटी बायकांच्या खात्यांत दर महिन्याला ५०० रुपये आले. पण एखादीचं खातं साधं असेल, जन-धनचं नसेल, तर ती गरीब असूनही तिला ते मिळाले नाहीत.

तिसरी वही बांधकाम कामगारांची. १९९६ च्या कायद्याने मोठ्या बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर घेण्याची आणि तो कामगारांसाठी वेगळा ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तुमच्या गावात एखादी उंच इमारत उठली असेल, तर तिच्या खर्चातला शंभरातला एक रुपया या निधीत गेला असं समजा. महाराष्ट्रात एप्रिल २०२० मध्ये नोंद असलेल्या कामगारांना या निधीतून २,००० रुपये दिले गेले. मात्र नोंद होण्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या साइटवर, उद्या त्या साइटवर असं फिरणाऱ्या मजुराला तो दाखला कोण लिहून देणार?

चौथी वही राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची. तिच्यात नाव असलेल्या कामगाराची नोकरी त्या काळात गेली, तर त्याला सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस मिळण्याची सोय केली. जर्मनीच्या पद्धतीच्या सगळ्यांत जवळची आपली ही योजना. पण ईएसआय कोणाला? ज्याला पगाराची पावती आहे त्याला!

आता आपल्या चाळीकडे वळा. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध लागले. त्या वेळी राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यात बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. आता मावशींना मिळाले का? राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांचं मंडळ आहे. त्यात मावशींची नोंद असेल तर मिळाले, नसेल तर नाही. आणि रिक्षावाल्या काकांना? ही मदत होती परवानाधारकांसाठी. परवाना मालकाच्या नावावर, आणि दिवसभर घाम गाळायचा काकांनी. काकांचं नाव कोणत्याच वहीत नाही!

म्हणूनच २०२० च्या त्या उन्हाळ्यात लाखो माणसं शहर सोडून गावाकडे चालत निघाली. गाड्या बंद, एसट्या बंद, डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल. शहरात कामही नाही आणि वहीत नावही नाही, मग राहायचं कशाच्या आधारावर? १ मे २०२० पासून 'श्रमिक विशेष' गाड्या सुटू लागल्या. त्यांतून सुमारे ६३ लाख माणसं आपापल्या गावाकडे गेली. त्याआधी कित्येक जण पायीच निघून गेले होते.

वही न मागणारी मदत

मग ज्याचं नाव कुठेच नाही त्याने काय करायचं? त्याच्यासाठी दोन दारं उघडी होती.

पहिलं दार जेवणाचं. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली होती. दोन चपात्या, एक वाटी भाजी, भात आणि वरण, दहा रुपयांत. मार्चअखेर तिची किंमत पाच रुपये केली आणि पुढे एप्रिल २०२१ मध्ये काही काळ ती फुकटच दिली. इथे कोणी रेशनकार्ड मागत नव्हतं. भूक हाच दाखला.

दुसरं दार कामाचं, आणि ते पहिल्यांदा उघडलं आपल्या महाराष्ट्रानेच. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, बहात्तरचा दुष्काळ म्हणजे काय. ते तुम्हांला खडी फोडायची कामं सांगतील, पाझर तलाव सांगतील, सुकडी सांगतील. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या मनात आलं, की माणसाला फुकट देण्यापेक्षा मागेल त्याला काम द्यावं. सांगली जिल्ह्यातल्या विसापूर गावात १९६५ मध्ये त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात तीच कल्पना राज्यभर कामाला आली. १९७७ मध्ये राज्याने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

यासाठी पैसे कोणी द्यायचे? शहरातल्या नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी. त्यांच्याकडून 'व्यवसाय कर' घ्यायचा आणि त्यातून खेड्यात कामं काढायची. तुमच्या आईला किंवा बाबांना पगाराची पावती मिळत असेल, तर ती मागून पाहा. त्यात बहुतेकांना २०० रुपयांच्या आसपास एक कपात दिसेल. तोच हा कर. ज्याचं काम चालू आहे त्याने थोडं द्यायचं, म्हणजे ज्याचं थांबलं त्याला काम मिळेल.

पुढे २००५ मध्ये सगळ्या देशासाठी असाच कायदा झाला. खेड्यातल्या कुटुंबाने ग्रामपंचायतीकडे काम मागितलं, तर वर्षाला १०० दिवस काम द्यायचं. पंधरा दिवसांत दिलं नाही, तर बेकारभत्ता द्यायचा. इथेही जॉबकार्डाची वही होतीच, पण तिच्यात नाव घालायला मालकाचा दाखला लागत नव्हता. काम मागायला येणं पुरे होतं.

२०२० मध्ये शहरातून परतलेल्या माणसांनी हेच दार ठोठावलं. केंद्र सरकारने या योजनेला ४०,००० कोटी रुपये वाढवून दिले. महाराष्ट्रात दिवसाची मजुरी २०६ रुपये होती, ती एप्रिल २०२० पासून २३८ झाली. त्या आर्थिक वर्षात देशभर ३८९ कोटी 'मनुष्यदिवस' काम झालं. आदल्या वर्षी ते २६५ कोटी होतं. मनुष्यदिवस म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम. दहा माणसांनी पाच दिवस बांध घातला, तर झाले पन्नास मनुष्यदिवस.

आता पेन्सिल घ्या. हे काम सुमारे साडेसात कोटी कुटुंबांनी केलं. ३८९ ला ७.५ ने भागा. उत्तर आलं जवळजवळ ५२. म्हणजे कायद्यात १०० दिवस, पण एका कुटुंबाला सरासरी मिळाले ५२ दिवस. दिवसाला साधारण २०० रुपये धरले तर वर्षाचे दहा हजार चारशे. यात घर चालत नाही. पण जिथे दुसरं काहीच नव्हतं, तिथे या पैशाने किराणा आला, बी-बियाणं आलं. शिवाय गावाला शेततळं मिळालं, विहीर मिळाली.

हा २००५ चा कायदा बदलून संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा केला आहे. त्यात दिवस १२५ केले आहेत. तोही खेड्यांसाठीच. शहरात काम मागायला असं दार २०२० मध्ये बहुतेक राज्यांत नव्हतं. झारखंडने त्याच वर्षी आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी अशा योजना काढल्या. आपल्या चाळीतल्या रिक्षावाल्या काकांना असं दार असतं, तर?

तुमचंही नाव होतं!

आता एक गंमत सांगते. पुष्कळ घरं अशी होती, की आईचं नाव कुठल्या यादीत नाही, बाबांचं नाही, पण घरातल्या एका माणसाचं नाव मात्र पक्क्या वहीत होतं. कोण तो? तुम्ही! शाळेच्या हजेरीपटात तुमचं नाव होतं. शाळा बंद झाल्यावर खिचडी शिजणं थांबलं, पण पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी पहिली ते आठवीच्या मुलांच्या घरी देण्याचं ठरलं. आम्ही शिक्षकांनी तोंडाला मास्क लावून, पटावरचं एकेक नाव वाचून तो मोजून दिला. पालक अंतर ठेवून रांगेत उभे असत. पहिलीतल्या पोराच्या नावावर घरात तांदूळ आला!

म्हणून शाळेत नाव घालणं हे नुसतं अ-आ-इ शिकण्यापुरतं नसतं. ऊस तोडायला, वीटभट्टीवर आईबाप जातात आणि मुलांचं नाव कुठल्याच शाळेत राहत नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी मूल असेल तर तुमच्या गुरुजींना किंवा बाईंना जरूर सांगा.

नवी वही

एवढं सगळं झाल्यावर देशाला कळलं, की असंघटित कामगारांची एक मोठी वही हवी. २६ ऑगस्ट २०२१ रोजी 'ई-श्रम' नोंदणी सुरू झाली. १६ ते ५९ वर्षांच्या असंघटित कामगाराने आधार क्रमांक देऊन आपलं नाव आणि काम नोंदवायचं. पैसे पडत नाहीत. बारा आकडी क्रमांकाचं एक कार्ड मिळतं. आतापर्यंत ३० कोटींहून अधिक जणांनी नाव नोंदवलं आहे, आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत.

फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये 'पीएम स्वनिधी' योजना आली. तीत १०,००० रुपये मिळत, पण ते कर्ज होतं. मदत आणि कर्ज यांतला फरक विसरू नका. कर्ज फेडावं लागतं. मात्र या योजनेत एक चांगली गोष्ट होती. ज्या फेरीवाल्याचं नाव नगरपालिकेच्या पाहणीत राहून गेलं होतं, त्याला शिफारसपत्र घेऊन नंतरही आत येता येत होतं. वही करावी तर अशी, उशिरा आलेल्यालाही आत घेणारी.

नाव लिहिलं म्हणजे पैसे मिळाले, असं मात्र समजू नका. वहीमुळे माणूस दिसतो. दिसल्यावर त्याला काय द्यायचं, हे ठरवायला वेगळा निर्णय आणि वेगळे पैसे लागतात.

पण कामगारांची वही करणं अवघड नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवलं आहे. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना कोणी मालकच नसे. आज या व्यापाऱ्याचं ओझं, उद्या त्या. १९६९ मध्ये राज्याने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील या हमालांचे पुढारी होते. या कायद्याने मंडळं स्थापन झाली. हमालाचं नाव मंडळात, आणि व्यापाऱ्याने मजुरी आणि वर काही टक्के रक्कम मंडळात भरायची. त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळू लागला, औषधपाणी मिळू लागलं. पोती वाहणाऱ्याला जर हे मिळू शकतं, तर भांडी घासणाऱ्या मावशींना का नाही?

पैसे सगळ्यांचेच

शेवटी एक प्रश्न उरतो. सरकारने एवढे पैसे आणले कुठून? काही करातून, काही कर्ज काढून. तुम्ही बिस्किटाचा पुडा घेता, तेव्हा त्याच्या किमतीतही कर असतो. म्हणजे तुम्हीसुद्धा थोडे करदाते आहातच! आणि सरकारने काढलेलं कर्ज पुढे कित्येक वर्षं फेडायचं असतं. तुम्ही मोठे होऊन कमवू लागाल, तेव्हा त्यातला थोडा वाटा तुमच्याकडे येईल. म्हणून हे पैसे योग्य माणसाच्या हातात पडले का, हे विचारण्याचा हक्क तुम्हांलाही आहे.

करून पाहा

या रविवारी वहीचं एक पान आखा. पहिल्या रकान्यात तुम्हांला रोज भेटणाऱ्या पाच कामकऱ्यांची कामं लिहा : दूधवाला, रिक्षावाले काका, शाळेतल्या खिचडीच्या मावशी, कचरा नेणारे दादा, भाजीवाली आजी. दुसऱ्या रकान्यात लिहा, की साथीच्या वेळी त्यांनी काय केलं. तिसऱ्यात लिहा, की त्यांचं नाव कोणत्या वहीत आहे : रेशनकार्ड, ई-श्रम, बांधकाम मंडळ, फेरीवाला प्रमाणपत्र, ईएसआय, की कुठेच नाही.

विचारताना त्यांची गिऱ्हाइकाची वेळ सोडून विचारा. सांगायचं नसेल त्याला आग्रह करू नका. आधारचा, खात्याचा, मोबाइलचा नंबर कोणाचाही लिहून घेऊ नका, त्याची आपल्याला गरज नाही.

पालकांना एक विनंती. मुलांच्या तक्त्यात 'कुठेच नाही' असं लिहिलेलं माणूस तुमच्याच घरी कामाला येत असेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांना जवळच्या सेवा केंद्रावर घेऊन जा आणि ई-श्रमची नोंदणी करून द्या. आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक बरोबर असू द्या. तासाभराचं काम आहे. आणि मुलांनो, तुम्हीही बरोबर जा. फॉर्मवर नाव नीट लिहिलंय ना, काना-मात्रा चुकली नाही ना, हे तपासायचं काम तुमचं.